मला माझे ओठ ऐकू आले!

वाक्य साधंच होतं. ‘मृग बहारासाठी मे महिन्यात झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण द्यावा.’ संत्रा बागायतदारांसाठी बनवलेल्या एका व्हिडिओतलं, माझ्याच आवाजातलं. तोंडपाठ व्हावं इतकं ऐकलेलं. नागपूरच्या बर्डीतल्या एका वाद्यांच्या दुकानात, टांगलेल्या गिटारींच्या खाली स्टुलावर बसून मी ते पुन्हा लावलं आणि अक्षरशः उडालेच! ‘मृग’ म्हणण्याआधी माझे ओठ एकमेकांपासून सुटतात, तो बारीक चुटका ऐकू आला. ‘झाडांचं’मधल्या ‘झा’ची खरखरीत कड ऐकू आली. ‘तोडून’च्या नंतर मी आवंढा गिळलाय! ‘द्यावा’ संपल्यावर माझा आवाज तिथेच थांबत नाही, समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि मग विरतो. आणि या सगळ्याच्या खाली, पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत, एक अखंड घुंऽऽ. फाईल तीच, लॅपटॉप तोच, कान तेच. बदलले होते फक्त हेडफोन, आणि तेसुद्धा पाच हजारांच्या आसपासचे.

तेव्हापासून मी भेटेल त्याला हे सांगत सुटले आहे. आवाजाचं काम करणारं, करू पाहणारं कोणीही असो, चहाचा कप हातात पडायच्या आत मी हेडफोनवर येते. म्हटलं, आता लिहूनच काढावं.

नागपूरला आवाजाची सवय जुनी आहे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिचं रात्रीचं प्रसारण नागपूरच्याच १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून, मध्यम लहरींवर १५६६ किलोहर्ट्झला जाऊ लागलं. देशाच्या मधोमध वसलेल्या गावातून निघालेला आवाज रात्री दूरदूरच्या राज्यांत पोचत होता, ही गोष्ट मला आजही भारावून टाकते. तो काळ आवाजासाठी बांधलेल्या खोल्यांचा होता. जाड दुहेरी दारं, भोकाभोकांच्या भिंती, काचेपलीकडे बसलेला अभियंता. आता हेच काम महाल भागातल्या आमच्या मागच्या खोलीत होतं. शेतीचे व्हिडिओ, शिकवणी वर्गांचे पाठ, दुकानांच्या उद्घाटनाच्या ऑटोवरून फिरणाऱ्या जाहिराती, निवडणुकीचा प्रचार, आणि २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात मराठी पुस्तकांसह आल्यापासून बोलक्या पुस्तकांची मोठीच दालनं. उघडलेलं गोदरेजचं कपाट, त्यात दाटीवाटीने टांगलेल्या साड्या, पाठीमागे रजई, समोर माईक. इथे काचेपलीकडे अभियंता नाही. आवाज देणारी मीच, तपासणारीही मीच, कापून जोडणारीही मीच. म्हणून कानावर काय आहे यावर सगळं येऊन ठेपतं.

आणि ते कानावरचं कुठे मिळतं? मोबाईलच्या दुकानात नाही! ही पहिली गंमत. बर्डीच्या रस्त्यावर हेडफोनांचा महापूर आहे, रंगीबेरंगी, लखलखते, पाचशेपासून पुढे. पण ‘स्टुडिओ मॉनिटर’ जातीचे हेडफोन मिळतात ते तबले-हार्मोनियम आणि कीबोर्ड विकणाऱ्यांकडे, नाहीतर मागवून. दुकानदार भाऊंनी एक काळा, दिसायला अगदी साधा जोड माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “ताई, सांगून ठेवतो, पहिल्या मिनिटाले आवडणार नाही तुमाले. पाच मिनिटं काढू नका.” खरोखर तसंच झालं. पहिल्यांदा सगळं कोरडं वाटलं. आवाजाला भरीवपणा नाही, खाली धमक नाही. आणि मग तो ओठांचा चुटका ऐकू आला!

असं का होतं ते समजून घेतलं तेव्हा तर मी हरखूनच गेले. गाणी ऐकण्यासाठी बनवलेल्या बहुतेक स्वस्त हेडफोनांमध्ये खालचे स्वर मुद्दाम फुगवलेले असतात. ऐकायला मजा येते, त्यात गैर काहीच नाही. पण फुगलेले खालचे स्वर वरच्या बारीक गोष्टींना झाकून टाकतात. सावजी रश्श्याची तर्री जबरदस्त असली की आतलं मटण कोवळं की जून हे पटकन कळत नाही, तसं. शिवाय दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एडिटिंग करताना आपण कानावर विसंबून ईक्यू, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करणारी कळ, फिरवतो. हेडफोनच ढमढम करत असेल तर आपल्याला वाटतं आवाज जड झालाय, आणि आपण खालचा भाग कापत जातो. मग तीच फाईल मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर किंवा ऑटोच्या भोंग्यावर गेली की आवाज पातळ, चिरका, पोट नसलेला. म्हणजे हेडफोन जे वाढवून दाखवतो, ते आपण नकळत कामातून काढून टाकतो. तो जे दडवतो, ते कामात तसंच राहून जातं. मॉनिटर जातीच्या हेडफोनचं सगळं कौशल्य यातच आहे की त्याने स्वतःचं काही मिसळायचं नाही, निदान कमीत कमी मिसळायचं. आपल्या कानाची नळीसुद्धा ३००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपोआप चढवते, आणि हेडफोन बनवणाऱ्यांना त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. एवढा विचार त्या साध्या काळ्या वाटीत भरलेला असतो!

आता कूलर. नागपुरात हेडफोनबद्दल लिहायचं आणि कूलरबद्दल लिहायचं नाही, हे शक्यच नाही.

बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शनात सांगतात की हेडफोन दोन जातींचे. ओपन-बॅक, म्हणजे वाटीला मागून जाळी. आवाज मोकळा, नैसर्गिक, एडिटिंगला उत्तम. आणि क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद. ध्वनिमुद्रणाला उत्तम, कारण कानातला आवाज बाहेर गळून माईकमध्ये शिरत नाही. ध्वनिमुद्रणाला बंद, एडिटिंगला उघडे, असा सरळ हिशेब. पण हा हिशेब मांडणाऱ्यांनी महालातला एप्रिल पाहिलेला नाही! पारा ४५ ला टेकतो तेव्हा खिडकीत कूलर घोंघावत असतो. पंख्याचा घरघराट, पाण्याच्या मोटरची कुरकुर, ताट्यांवरून टपटपणारं पाणी. ध्वनिमुद्रणाच्या वेळी आपण तो बंद करतो, घामाने निथळत चार पानं वाचतो, पुन्हा सुरू करतो. एडिटिंगला मात्र वाचण्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ घरच्यांना कूलरशिवाय कसं ठेवणार? उघड्या जाळीतून कूलर थेट कानात येतो आणि नेमक्या त्याच बारीक गोष्टी गिळतो ज्या आपल्याला शोधायच्या असतात. म्हणून माझं ठाम मत आहे: विदर्भात एकच जोड घ्यायचा असेल तर तो बंद पाठीचाच घ्यावा. उघडे हेडफोन दिवाळीनंतर, पंखेसुद्धा बंद झाल्यावर, ज्याला दुसरा जोड परवडतो त्याने घ्यावेत आणि जरूर आनंद घ्यावा.

बंद पाठीमुळेही सगळा कूलर जात नाही, हे सांगायला हवं. सेनहायझरच्या एचडी २८० प्रोबद्दल कंपनी ३२ डेसिबलपर्यंत बाहेरचा आवाज अडवण्याचा दावा करते, आणि ते या जातीत बरंच म्हणायचं. पण अशी अडवणूक वरच्या स्वरांत चांगली होते. मोटरचा खालचा घुमारा थोडा आत येतोच. मग बाहेरचा आवाज बॅटरीवर पुसून टाकणारे हेडफोन का घेऊ नयेत, असं मला एका मैत्रिणीने विचारलं. प्रवासात ते वरदान आहे. पण त्यातलं यंत्र सतत ऐकत आणि उलटा आवाज मिसळत असतं, शिवाय बहुतेकांत सूरही खुशीचा बसवलेला असतो. मला फाईलमध्ये जे आहे ते हवं आहे.

तो घुंऽऽ कुठला, हे शोधण्याची दुपार माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मजेशीर दुपारींपैकी एक. कूलर तर ध्वनिमुद्रणात बंद होता! मी माईक हातात घेतला, लांब वायर लावली, हेडफोन कानावर चढवले आणि घरभर फिरले. आपलं घर असं बोलतं हे मला कुठे ठाऊक होतं? फ्रिजमागे गेले तर तिथे वेगळीच धून. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकजवळ गेले तर किणकिण. देवघरातला छोटा विजेचा दिवासुद्धा कुजबुजत होता. आणि पलंगाखालच्या स्टॅबिलायझरजवळ माईक नेला, तर हाच, हाच तो घुंऽऽ! आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा त्यामुळे १०० हर्ट्झवर थरथरतो. ती थरथर लाकडी पलंगातून फरशीत, फरशीतून टेबलात आणि टेबलावरच्या माईकमध्ये चढत होती. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारत होत्या, “काय गं, काय शोधतेस?” मी त्यांच्याच कानावर हेडफोन लावले. त्यांनी स्टॅबिलायझरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, हा तर रात्रभर बोलत असेल!” स्टॅबिलायझर बंद केला, माईकच्या स्टँडखाली जुनी चटई दुमडून घातली. शांतता! मग मीटर लावून पाहिलं. ऑडिबलच्या बोलक्या पुस्तकांसाठी एसीएक्स या मंचाचा निकष असा आहे की कोणी बोलत नसताना खोलीचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली असावा, बोलण्याची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ च्या मध्ये आणि सर्वांत वरचं टोक उणे ३ च्या वर जाऊ नये. ती ‘उणे ६०’ची रेघ आमच्या महालातल्या खोलीने गाठली, ते एक स्टॅबिलायझर बंद करण्याच्या जोरावर.

पण माझा सगळ्यात लाडका शोध मराठीचा आहे.

‘चाक’ आणि ‘चार’ म्हणून बघा. ‘जाळ’ आणि ‘जीव’. जोडीतल्या पहिल्या शब्दात जीभ दातांमागे जाते आणि वाऱ्याची एक बारीक शीळ निघते. दुसऱ्यात ती टाळूकडे सरकते आणि शीळ मऊ होते. लिहिताना एकच अक्षर, बोलताना दोन. ही शीळ, आणि ‘स’ ‘श’ची धार, साधारण ५००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. मंद हेडफोनवर ‘चाक’मधला ‘चा’ बोथट ऐकू येतो, म्हणून आपण वरचा भाग चढवतो, आणि मग ऐकणाऱ्याच्या कानात ‘संत्र्याची साल सोलताना’ हे वाक्य सुयांसारखं शिरतं. नव्या जोडावर मला पहिल्यांदाच कळलं की माझा ‘स’ धारदार आहे आणि ‘श’ नाही. की माईक तोंडासमोरून थोडा तिरका केला तर धार निम्मी होते आणि नंतर काही करावंच लागत नाही. ‘फ’, ‘भ’, ‘प’ म्हणताना तोंडातून सुटणारा वाऱ्याचा भपकारा १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली आदळतो. तो ढमढम करणाऱ्या हेडफोनमध्ये गाण्याच्या ठेक्यात मिसळून जातो. इथे मात्र प्रत्येक ‘भाव’ आणि प्रत्येक ‘फवारणी’ला धप्प! शेतीच्या व्हिडिओत फवारणी हा शब्द किती वेळा येतो ते शेतकऱ्यालाच विचारा.

आणि वऱ्हाडी! एका कामात मला बोलीतच बोलायचं होतं. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘केळी’ची ‘केयी’. हा ‘य’ पुस्तकी ‘य’ नाही. तो आधीच्या स्वरातून घसरत येतो, अर्धा असतो, अर्धा नसतो. थोडा जोर जास्त पडला की नाटकी वाटतो, कमी पडला की शब्दच कळत नाही. घसरण ऐकू आली पाहिजे, तेव्हाच ती जमली की नाही हे ठरवता येतं. मी त्या दिवशी ‘डोया’ हा शब्द इतक्या तऱ्हांनी म्हणून ऐकला आणि इतकी खूश झाले! आपली बोली इतकी नाजूक आहे, आणि ती नजाकत धरून ठेवणारं साधन एका चांगल्या चपलांच्या जोडाइतक्या किमतीत मिळतं.

कुठला घेतला ते सांगते. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स. बंद पाठ, ४० मिलीमीटरचे ड्रायव्हर, ४७ ओहम, ३ मीटरची पक्की जोडलेली वायर, डोक्यावर वजन जाणवत नाही इतका हलका. किंचित उबदार वाटतो, पण बोलण्याच्या पट्ट्यात प्रामाणिक. त्याच घराण्यातला एम४०एक्स आठ-दहा हजारांच्या घरात जातो. त्याची वायर सुटी होते, वाट्या वळतात, आणि आवाज अधिक सरळ आहे. ऐपत असेल तर माझं मत एम४०एक्सला, कारण वायर ही पहिली तुटणारी गोष्ट, आणि ती बदलता आली तर हेडफोन वर्षानुवर्षं चालतो. धंतोलीतल्या एका छोट्या स्टुडिओत मला सोनीचा एमडीआर-७५०६ ऐकायला मिळाला. निळ्या पट्टीचा, गुंडाळ्या-गुंडाळ्यांच्या वायरचा, १९९१ पासून जवळजवळ तसाच बनत आलेला! जगभरच्या रेडिओ आणि चित्रीकरणाच्या लोकांच्या गळ्यात तुम्ही तो पाहिला असेल. वरचा पट्टा तो जरा चढवूनच दाखवतो, आणि आवाजाच्या कामाला ते फार उपयोगी आहे: ओठांचे चुटके, जिभेचे चटके, कापाकापीचे टाके तो लपूच देत नाही. तासन्‌तास ऐकायला थोडा कडक वाटेल, पण चुका शोधायला याच्यासारखा मित्र नाही. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो याच्याही वर, पण त्याच्या कथेकडे मी पुढे येते.

ओहमचं, म्हणजे हेडफोनच्या विद्युत रोधाचं, गणित एका वाक्यात संपतं. लॅपटॉप, मोबाईल किंवा साध्या ऑडिओ इंटरफेसवर (माईक-हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर) काम असेल तर ३२ ते ८० ओहमच्या दरम्यानचा घ्यावा; २५० ओहमचा घेतला तर मोबाईलवर तो पुरेसा मोठा वाजणारच नाही. ब्लूटूथचंही तसंच. बिनतारी आवाज दाबून पाठवला जातो आणि साधारण सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने उशिरा पोचतो. पडद्यावर लाट दिसते, कानात शब्द मागून येतो, कापायची जागा चुकते. वर त्याच हेडफोनचा माईक सुरू झाला की आवाज फोनवरच्या बोलण्याच्या दर्जावर घसरतो. या कामाला वायर हवी. विषय संपला.

उन्हाळ्याकडे मात्र परत यायलाच हवं, कारण इअरपॅड. बहुतेक स्वस्त जोडांना रेक्झिनसारखं मऊ आवरण असतं. घाम, उष्णता, डोक्याचं तेल, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्याचे काळे पापुद्रे गालाला चिकटू लागतात. म्हणून घेतानाच विचारावं की याचे पॅड सुटे मिळतात का. लोकप्रिय मॉडेलांचे मिळतात, आणि हे त्यांच्या बाजूचं फार मोठं कारण आहे. डीटी ७७० प्रोला मखमली पॅड असतात. वारा खेळतो, घाम साचत नाही. तो घेण्याची माझी इच्छा त्या मखमलीसाठीच आहे! तोपर्यंत मी जुन्या सुती साडीचे गोल कापून, नाडी ओवून पॅडवर चढवायची टोपडी शिवली आहेत. पातळ, एकेरी कापड. जाड घातलं तर वरचे स्वर मंदावतात, हेही करून पाहिल्यावर ऐकू आलं. दर आठवड्याला धुवायची, वाळवायची. चष्मा लावणाऱ्यांनी आणखी एक बघावं: काडी जाड असेल तर पॅड आणि कानशील यांच्यात फट राहते, त्या फटीतून खालचे स्वर निसटतात आणि आपला आवाज उगाच पातळ वाटतो. काडी जरा वर उचलून पाहा, कानातला आवाज लगेच भरतो. मला हे कळलं तेव्हा मी चष्मा वर-खाली करत बसले होते आणि प्रत्येक वेळी तितकाच आनंद होत होता.

ध्वनिमुद्रण करताना हेडफोन लावावा की नाही, यावर आमच्या ओळखीच्या एका निवृत्त उद्घोषक काकूंशी माझी मोठी चर्चा झाली. त्या म्हणाल्या, “अगं, दोन्ही कान झाकून बोललीस तर तू ऐकणाऱ्याशी बोलणारच नाहीस, स्वतःशीच बोलशील.” किती खरं आहे! बोलताना आपण आपला आवाज हवेतून आणि हाडांतूनही ऐकतो, म्हणून तो आपल्याला जरा खोल, भरदार वाटतो. हेडफोनमध्ये तो जगाला ऐकू येतो तसा ऐकू येतो, वर प्रत्येक श्वास मोठा होऊन. माणूस मग नकळत आवाज घडवायला लागतो, शब्द गोलवतो, अर्थ मागे पडतो. काकूंची पद्धत अशी की सुरुवातीला दोन्ही कान लावून खोली तपासायची, माईकचं अंतर ठरवायचं, आणि बोलताना एक वाटी कानामागे सरकवायची. मी तसंच करते. सरकवलेली वाटी डोक्याला टेकून बंद राहील एवढं बघायचं, नाहीतर तिच्यातून गळणारा आवाज माईक टिपतो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरची कळ असेल तर ती दाबावी, म्हणजे आवाज संगणकात फिरून न येता थेट कानात येतो आणि मागून येणाऱ्या स्वतःच्याच प्रतिध्वनीने जीभ अडखळत नाही.

एडिटिंगमध्ये तर दररोज काहीतरी नवं सापडतं. दोन वाक्यांमधला मोकळा भाग पूर्ण गप्प केला तर तिथे एक खड्डा ऐकू येतो! खोलीचा आवाज जातो आणि परत येतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण दचकतो. म्हणून खोलीची नुसती शांतता वेगळी ध्वनिमुद्रित करून ठेवायची आणि तीच त्या जागी भरायची. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधलं आवाज पुसण्याचं साधन किती वापरावं, हेही मला या हेडफोनने शिकवलं. थोडं वापरलं तर छान. हात सैल सोडला की शब्दांच्या शेपटांना पाण्याखाली बोलल्यासारखी थरथर येते. लॅपटॉपच्या स्पीकरवर ती ऐकूच येत नाही. हेडफोनवर लपत नाही.

मग हेडफोनचं मूळही वाचून काढलं. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथनिएल बाल्डविन नावाच्या माणसाने स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवले आणि अमेरिकेच्या नौदलाने ते घेतले. दूरवरचा क्षीण संदेश खरखरीतून वेगळा काढायचा, हेच त्यांचं काम होतं. वाचल्यावर मला फार आपुलकी वाटली. मीही दिवसभर तेच करते, फक्त समुद्र नाही, महाल आहे, आणि खरखर कूलरची.

एक काळजी जरूर घ्यावी. बारीक आवाज शोधण्याच्या नादात आवाज चढवत नेण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगते, आणि पातळी वाढली की तास झपाट्याने कमी होतात. मी आता एका ठरावीक पातळीवर खूण करून ठेवली आहे. शांतता तपासायची तेवढ्यापुरतं वर, लगेच खाली, आणि मध्येमध्ये हेडफोन काढून गच्चीवर एक चक्कर.

तर दुकानात जाल तेव्हा हे करा. घरून स्वतःच्या आवाजाची फाईल न्या. व्हॉट्सअॅपवरून आलेली नको, ती दाबलेली असते. वेव्ह फाईल पेनड्राइव्हमध्ये किंवा फोनमध्ये. तिच्यात आधी खोलीची शांतता ठेवा, मग ‘स’, ‘श’, ‘चाक’, ‘झाड’, ‘फवारणी’, ‘भाकर’ असे शब्द येतील अशी चार वाक्यं, मग पुन्हा शांतता. त्यावर काहीही प्रक्रिया करू नका. प्रत्येक जोडावर तीच फाईल, त्याच पातळीवर, दुकानातला पंखा बंद करायला सांगून. गाणं शेवटी ऐका, आधी नको. जो जोड तुमच्या शांततेत सगळ्यात जास्त गोष्टी दाखवेल, तो बाजूला काढा, मग तो डोक्यावर चढवून पाच मिनिटं नुसते बसा, चष्म्यासकट. कान दुखले नाहीत, तर बिल करायला सांगा आणि ६.३५ मिलीमीटरचा अडॅप्टर खोक्यात आहे ना, ते तिथेच उघडून बघा. बहुतेक इंटरफेसना तोच लागतो.